'पाम ट्री' म्हणजे नेमकं कोण?

मंडळी, आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. खोड उंच, सरळ आणि वर झुबका असला की माझ्या लेखी तो 'पाम ट्री'. गेल्या उन्हाळ्यात डोंबिवली स्टेशनबाहेर एका मावशींच्या टोपलीकडे बोट दाखवून मी 'आइस ॲपल' मागितलं. त्या म्हणाल्या, "ॲपल पुढच्या गाडीवर बघ गं, माझ्याकडे ताडगोळेच आहेत." मैत्रिणी अजून हसतात!

हे आठवायचं कारण म्हणजे कॅम्पस सुशोभीकरणाची यादी. हॉस्टेलमागची झाडं तोडायची आहेत आणि यादीत लिहिलंय, "पाम, नग ३, फळ न देणारे". मी माळीकाकांना विचारलं, तर त्यातले दोन ताड आहेत आणि एक शिंदी. ताडांना फळ येत नाही कारण दोन्ही नर आहेत. ताडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नर नसेल तर मादीला तरी ताडगोळे कुठून येणार? त्यात ताड फुलायलाच बारा-पंधरा वर्षं घेतो, आणि तोवर नर की मादी कळतही नाही.

माझी रूममेट मालवणची. तिच्याकडे माड म्हणजे नारळाचं झाड. माडाची माडी, ताडाची ताडी, शिंदीची शिंदीच! इंग्रजीत सगळ्याला एकच 'टॉडी', आणि तो शब्दसुद्धा आपल्या ताडीवरूनच गेलेला. (रेक्टर मॅडम, ही माहिती फक्त भाषाशास्त्रापुरती.) भेरली माडाच्या नावात माड असला तरी तो नारळ नव्हे. म्हणजे आपली नावंही कधीकधी फसवतात. म्हणून शास्त्रीय नाव हवंच. ताड म्हणजे बोरॅसस फ्लॅबेलिफर, पंखा धारण करणारा. लिनिअसने १७५३ मध्ये ठेवलेलं हे नाव पान बघताच पटतं.

दक्षिण अमेरिकेत ताडाचा एक लांबचा नातेवाईक आहे, फायटेलेफस. ग्रीकमध्ये वनस्पती अधिक हत्ती! त्याचं कोवळं बी ताडगोळ्यासारखं मऊ असतं, जून झालं की हस्तिदंतासारखं कडक होतं आणि त्याची बटणं करतात. तिकडचे लोक त्याला ताग्वा म्हणतात. ताडगोळाही जून झाला की असाच दगड होतो, हे मी दाताची किंमत देऊन शिकलेय.

आता तोडलेल्या जागी काय लावणार, तर गेटपाशी आहेत तसले 'बॉटल पाम'. तेही नाव चूक! ते रॉयल पाम, रॉयस्टोनिया. खरा बॉटल पाम मॉरिशसकडचा आणि बुटका. रॉयस्टोनिया हे नाव रॉय स्टोन नावाच्या अमेरिकन लष्करी इंजिनिअरवरून पडलंय, हे आपल्या कॉलेजात कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. झाड दिसायला छान आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण त्याच्यासाठी ताड का जावा?

यादी अजून पक्की झालेली नाही, असं कळतं. निदान ती ओळ तरी आधी दुरुस्त व्हावी: ताड, नग २ (नर). शिंदी, नग १.