माप कोणाच्या हाती?

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचा इतिहास कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओझर परिसरात पाणीवापर संस्था उभ्या केल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी केवळ पाणी मागितले नाही. पाणी मोजून मागितले. माप डोळ्यांसमोर आल्यावाचून हक्क सिद्ध होत नाही, हे त्या शेतकऱ्यांनी ओळखले होते. पुढे २००५ साली राज्याने सिंचन व्यवस्थापनाचा कायदा करून घनमापनाचे तत्त्व मान्य केले. पाण्याच्या बाबतीत जिंकलेला हा प्रश्न आता एका अगदी वेगळ्या ठिकाणी, म्हणजे माणसाच्या कानाशी, येऊन ठेपला आहे.

माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींची पहिली नोंद हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२४ साली केली. तेव्हापासून ही तपासणी डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आणि रोग्याला खाटेवर निजवून केली जाते. गेल्या दीड दशकात लंडनचे इम्पीरियल कॉलेज आणि डेन्मार्कचे आरहूस विद्यापीठ येथील संशोधकांनी हेच इलेक्ट्रोड कानाच्या नळीत बसणाऱ्या लहानशा बोंडावर आणले. श्रवणयंत्र लावावे तसे ते लावायचे आणि दिवसरात्र वागवायचे. कल्पना उपयुक्त आहे. आणि म्हणूनच तिची परीक्षाही कठोरपणे व्हावयास हवी.

मेंदूचा संकेत मुळात अत्यंत क्षीण असतो. टाळूवर तो काही दशलक्षांश व्होल्ट भरतो. कानात इलेक्ट्रोड एकमेकांच्या निकट असल्याने तो आणखी लहान होतो. उलट जबड्याचे स्नायू कानाला लागूनच असतात. घास चावला, बोलले किंवा तोंडात तंबाखूचा बार धरला, तरी स्नायूंची वीज मेंदूच्या विजेवर मात करते. कानातला मळ, घाम, सैल बसलेले बोंड, जवळून गेलेल्या विजेच्या तारेची ५० आवर्तनांची गुणगुण, या साऱ्यांची भेसळ त्या आलेखात होते. म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी संकेताची शुद्धता तपासतो. त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातील विद्युतरोध किती आहे, हे तो पाहतो. मग तो रोग्याला डोळे मिटावयास सांगतो. डोळे मिटताच सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लहर बहुतेकांच्या आलेखात ठळक होते. ती कानातल्या आलेखात उमटली, तर यंत्र मेंदूचे काही ऐकत आहे असे मानावयास आधार मिळतो. ही कसोटी न लावता काढलेला निष्कर्ष म्हणजे काटा न तपासता केलेली तोलाई होय.

या यंत्राला विरोध करणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. जगात सुमारे ५ कोटी माणसे अपस्माराने पीडित आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व औषध मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही ग्रामीण महाराष्ट्रात फेफरे आलेल्या माणसाला आजही कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर काढावयास १९९९ साल उजाडावे लागले. समाजाच्या मनातून तो अद्याप निघालेला नाही. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या आदिवासी स्त्रीला आलेखासाठी नाशिक गाठणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि वर प्रवासखर्च. शिवाय झटका काही तपासणीची वेळ पाहून येत नाही. अर्ध्या तासाच्या आलेखात दोष दिसला नाही, म्हणून अपस्मार नाही असे ठरत नाही. रात्रंदिवस कानात राहणारे साधन ग्रामीण रुग्णालयाने उसने दिले, तर निदानाची वाट सुकर होऊ शकेल. मात्र कानाजवळचा भाग नीट टिपणारे हे साधन मेंदूचे दूरचे भाग तितके टिपत नाही, हेही रोग्याला सांगितले पाहिजे.

भय यंत्राचे नाही. यंत्राच्या नावाने बोलणाऱ्या अधिकाराचे आहे. याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपींना दोषी ठरविताना मेंदूच्या विद्युतआलेखाचा आधार इतर पुराव्यांबरोबर घेतला. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, डोळे मिटलेले आणि कानावर गुन्ह्याची वाक्ये. आरोपी गप्प राहिला तरी त्याचा मेंदू साक्ष देतो, असा त्या पद्धतीचा दावा होता. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ती पद्धत अशास्त्रीय ठरविली. अखेर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, संमतीवाचून अशी चाचणी करणे हे राज्यघटनेच्या कलम २०(३) व २१ चा भंग होय. आरोपीचे मौन न्यायालयाने राखले.

परंतु आरोपीला मिळालेले हे संरक्षण कामगाराला आहे काय? तळेगाव-अक्राळेच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या कानात ‘सुरक्षिततेसाठी’ उद्या असे बोंड बसविले गेले, तर तो नाही म्हणू शकेल काय? चीनमधील कारखान्यांत कामगारांच्या टोप्यांत मेंदूलहरींचे संवेदक बसविल्याच्या बातम्या २०१८ मध्येच आल्या होत्या. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ ने नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा ठेवली आहे. म्हणजे ज्या ठिकाणी कामगार सर्वांत दुबळा, त्याच ठिकाणी कायद्याने दार उघडे ठेवले. आणि तिथे संकेताची शुद्धता कोण तपासणार? घामाने सैल झालेल्या बोंडाने दिलेला आकडा ‘कामगार पेंगत होता’ म्हणून नोंदला जाईल. खाडा लागेल तो कामगाराला, बोंडाला नव्हे.

यावर उपाय नाही असे नाही. चिलीने २०२१ साली आपल्या संविधानात मेंदूच्या व्यवहाराला आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिले. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका परदेशी कंपनीला एका माजी सिनेटरच्या मेंदूची साठविलेली माहिती पुसून टाकण्याचा आदेश दिला. आपल्या चळवळीनेही मागण्या स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक आलेखासोबत संकेताच्या शुद्धतेची नोंद असावी आणि ती मराठीत, समजेल अशा शब्दांत, ज्याच्या कानात साधन आहे त्याच्या हाती पडावी. दुसरी, शुद्धतेची कसोटी न उतरलेला आलेख कोणाच्याही विरुद्ध वापरला जाऊ नये. तिसरी, नोकरीच्या ठिकाणी मेंदूची माहिती गोळा करण्यास बंदी असावी आणि कलम ७ मधील पळवाट त्यापुरती बुजवावी. चौथी, रुग्णासाठी हे साधन सरकारी रुग्णालयातून विनामूल्य मिळावे आणि त्यासोबत औषधही अखंड मिळावे. कारण निदान होऊन गोळी न मिळणे ही क्रूर थट्टा आहे.

या मागण्या फार सूक्ष्म, फार तांत्रिक आहेत असे म्हणणारे निघतील. कालव्याच्या तोंडाशी मापाचे साधन बसवून किती घनमीटर पाणी सुटले हे विचारणेही एके काळी शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे मानले जात होते. ओझरच्या शेतकऱ्यांनी ते शिकून घेतले. द्राक्षबागेतल्या मजूर स्त्रीला आणि रात्रपाळीच्या कामगारालाही ते शिकता येईल. शिकविण्याची तयारी मात्र कार्यकर्त्यांनी आजच केली पाहिजे.