प्याला कोणाच्या हातून?

तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवर जर्मन पाद्री श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हातात घेऊन उभे आपले तंजावरचे मराठे राजे सरफोजी. मराठी माणूस ते पाहून गहिवरतो; मीही गहिवरलो. मग आठवलं, याच श्वार्ट्झच्या मंडळीत वरच्या जातीचे वेल्लाळ एकीकडे बसत, अस्पृश्य मानलेले परैयार दुसरीकडे. प्रभुभोजनाचा प्याला आधी कोणाच्या ओठांना लागायचा, हे सांगायला नकोच.

"मनात भेद नाही हो," हे वाक्य आम्हा ख्रिस्ती लोकांना बाप्तिस्म्याबरोबरच मिळतं. मन कोणी पाहिलंय? अंग चोरलेलं मात्र दिसतं.

हल्ली चिंतनशिबिरांत नवंच सांगतात: शरीर खोटं बोलत नाही, त्याचं ऐका. डोंबल! परैयाराबरोबर एकाच प्याल्यातून प्यायच्या कल्पनेनं त्या वेल्लाळाच्या पोटात ढवळायचं ते खरंच ढवळायचं. पण ते पोट आजी-पणजीनं शिकवून तयार केलेलं. पढवलेल्या साक्षीदाराला आपण पवित्र आत्मा म्हणायचं?

वेदनायगम शास्त्री हे श्वार्ट्झचेच शिष्य, तमिळचे मोठे कवी. 1829 मध्ये त्यांनी नव्या मिशनऱ्यांविरुद्ध गाऱ्हाणं मांडलं: बायबलचं भाषांतर बदलता, फुलं बंद करता, आमची गाणी बंद करता आणि जाती एकत्र बसवता. पहिल्या तिन्हींत मी शास्त्र्यांच्या बाजूचा. फुलांनी गोऱ्या पाद्र्यांचं काय घोडं मारलं होतं? पण चौथी तक्रारही त्याच दमात! 1833 मध्ये बिशप विल्सनने मंडळीतले जातभेद मोडायचं फर्मान काढलं, तेव्हा तंजावरची पुष्कळ माणसं उठून गेली. 1850 मध्ये मद्रासच्या मिशनरी परिषदेनं ठरवलं, इतर जातींबरोबर जेवायला जो बसणार नाही, त्यानं जात सोडली असं धरू नये. बरी परीक्षा. पण परीक्षार्थी पुन्हा वरचाच! शेजारच्या परैयाराला कोणी विचारलं का, हा घास खातोय की नुसता ढकलतोय? त्याला बरोबर कळतं. कावेरीच्या चिखलात वाकून भात लावणाऱ्याच्या कण्याला ठाऊक असतं, कुठे थांबायचं, किती लांबून बोलायचं. त्यानं लावलेला भात मात्र सगळ्यांना चालतो.

आमच्या नगरकडच्या मंडळीत आता प्रत्येकाला वेगळा, अंगठ्याएवढा प्याला. आरोग्यासाठी म्हणे. मागच्या महिन्यात भाचीच्या स्थळासाठी फॉर्म भरायचा होता. त्यात 'मूळ जात' असा रकाना. मी पेन उचललं आणि भरला. हात जरासुद्धा थरथरला नाही.