नवल वाटले, पण कळले कसे?

‘नवजात बाळाला गुडघ्याच्या वाट्याच नसतात!’ ‘बाळाच्या अंगात मोठ्या माणसापेक्षा जास्त हाडे असतात!’ ‘खेचराला कधीही पिलू होत नाही!’ विद्यार्थी मित्रांनो, अशी वाक्ये तुम्ही मासिकांच्या चौकटींत, दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर आणि आता तर मोबाइलच्या पडद्यावरही वाचता. वाचून ‘अबब!’ म्हणता, शेजारच्या मित्राला सांगता आणि पुढच्या चौकटीकडे वळता.

हे ‘अबब’ मला आवडते. विज्ञानाची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. माझी तक्रार एवढीच आहे, की आपण तिथेच थांबतो. माझे स्पष्ट मत असे, की ज्या नवलाच्या वाक्याबरोबर ‘हे कळले कसे?’ या प्रश्नाचे उत्तर येत नाही, ते वाक्य विज्ञान नव्हे. मग ते खरे का असेना. ते पाठ करून फार तर प्रश्नमंजूषेत गुण मिळतील. आणि ते खोटे असेल तर कोणाच्या तरी जिवावरही बेतू शकते. हे मी का म्हणतो, ते बाळे आणि संकरित प्राणी या दोन विषयांवरूनच पाहू.

हाडांचा हिशेब

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. नवजात अर्भकाची हाडे मात्र एखाद्या पुस्तकात २७० तर दुसऱ्यात ३०० दिलेली आढळतात. मग कोणते पुस्तक चुकले? खरे म्हणजे कोणतेच नाही. बाळाच्या सांगाड्याचा बराच भाग कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असतो तशा लवचिक पदार्थाचा असतो. त्यात ठिकठिकाणी कठीण हाड तयार होऊ लागते आणि हे सुटे तुकडे पुढे एकमेकांना जुळतात. कमरेखालचे त्रिकास्थी हे हाड पाच मणके जुळून बनते. यांतला कोणता तुकडा स्वतंत्र हाड म्हणून मोजायचा, यावर आकडा ठरतो. म्हणजे हाडे हरवत नाहीत, जुळतात.

डोक्याची हाडेही जन्मतः सुटी असतात, म्हणून तर जन्माच्या वेळी डोके थोडे दबून अरुंद वाटेने बाहेर येऊ शकते. आजी बाळाच्या ज्या टाळूवर तेल घालते, ती टाळू म्हणजे या हाडांमधली फटच. ती साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरून येते.

गुडघ्याच्या वाटीचेही तसेच. वाटी असते, पण ती कूर्चेची असते. क्ष-किरणांच्या चित्रात कूर्चा उमटत नाही, म्हणून चित्र पाहणाऱ्याला वाटी ‘नाही’ असे वाटते. पुढे साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिच्यात हाड तयार होते. पाहा, ‘कळले कसे?’ एवढे विचारताच अर्धसत्य कसे पूर्ण झाले!

‘त’ की ‘ट’?

आता असे एक नवल पाहू, की जे कसे कळले हे त्या नवलाहूनही सुरस आहे. ‘ताक’ आणि ‘टाक’ या शब्दांत तुमची कधी गफलत होत नाही. परंतु केवळ इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला आपला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक बहुधा ऐकूच येत नाही. मग इंग्रजी घरातल्या बाळाला तो येत असेल का? बाळाला विचारायचे तरी कसे?

कॅनडातील जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत यावर एक युक्ती वापरली. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचे. ध्वनिक्षेपकातून एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवायचे आणि मध्येच ते बदलायचे. बदल झाल्यावर बाळाने मान वळवली, की बाजूच्या पेटीत दिवा लागून हलते खेळणे दिसायचे. बाळ ही गंमत लवकरच शिकते. फरक ऐकू आला तर मान वळते, नाही आला तर वळत नाही. आईने नकळत खूण करू नये म्हणून अशा प्रयोगांत तिच्या कानांवर संगीत लावलेले असते!

काय आढळले? सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बहुतेक बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना तो ओळखता आला. हिंदी घरांत वाढणाऱ्या वर्षाच्या बाळांना मात्र तो छान ओळखता येत होता. म्हणजे अनेक भाषांतले भेद टिपणारा कान घेऊन बाळ जन्माला येते आणि पहिल्या वर्षातच आपल्या घरच्या भाषेसाठी तो कान घडवते. हे केवळ ‘अबब’ नाही. बाळ बोलू लागण्याच्या कितीतरी आधी त्याच्याशी भरपूर बोलावे, हा शहाणपणा यातून मिळतो.

खेचराचे पिलू

संकरित प्राण्यांकडे वळू. गाढव आणि घोडी यांची संतती म्हणजे खेचर. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या पेशीत ६२. दोघांकडून निम्मी निम्मी, म्हणजे ३२ आणि ३१ मिळून खेचराला ६३ मिळतात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. खेचरात त्या नीट लागत नाहीत, म्हणून ते बहुतेक नेहमी वांझ असते.

‘बहुतेक’ हा शब्द जपून ठेवा. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने बॅबिलोनच्या वेढ्याची एक गोष्ट सांगितली आहे. तटावरचा एक जण शत्रूला हिणवून म्हणाला, की खेचरीला पिलू होईल तेव्हाच तुम्ही हे शहर घ्याल. गोष्टीत पुढे खेचरीला पिलू होते आणि शहर पडते! ही झाली आख्यायिका. परंतु १९८४ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एका खेचरीला खरोखर पिलू झाले आणि गुणसूत्रे तपासून शास्त्रज्ञांनी त्याची खात्री केली. म्हणजे ‘कधीही नाही’ हे खोटे, ‘फार क्वचित’ हे खरे.

खेचरावरून ‘सगळेच संकरित प्राणी वांझ असतात’ असा निष्कर्ष काढणे ही त्याहून मोठी चूक. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात १९७१ साली वाघ आणि सिंहीण यांच्यापासून रुद्राणी नावाची मादी जन्मली. पुढे तिला आशियाई सिंहापासून सात पिले झाली. सिंह आणि वाघ या दोघांच्याही गुणसूत्रांची संख्या ३८ आहे, हे येथे लक्षात घ्यावे. रुद्राणी मादी होती, हेही महत्त्वाचे. जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९२२ साली एक नियम मांडला. संकरात एकच लिंग दुर्मिळ किंवा वांझ होत असेल, तर ज्याची लिंग-गुणसूत्रे परस्परांहून भिन्न असतात तेच ते लिंग असते. सस्तन प्राण्यांत ते नराचे असते, पक्ष्यांत मादीचे. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. एका सुट्या नवलातून असा नियम हाती लागतो, तेव्हा त्याला विज्ञान म्हणावे. राहता राहिली सिंह-वाघांच्या मिश्र पिलांची गोष्ट. जंगलातल्या सिंहांचे वा वाघांचे रक्षण करायला त्यांचा काही उपयोग नसतो. केवळ लोकांनी ‘अबब’ म्हणावे म्हणून असे प्राणी पैदा करण्याला आज भारतातील प्राणिसंग्रहालयांना मनाई आहे, हे योग्यच झाले.

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत

आता सर्वांत गंभीर उदाहरण. ‘तान्ह्या बाळाला वेदना कळत नाहीत, कारण त्याचा मेंदू अपुरा असतो.’ हे वाक्य चौकटीत शोभले असते. पण ते अनेक डॉक्टरांच्या मनात होते. शिवाय गुंगीच्या औषधांनी इवल्या जिवाला अपाय होईल अशी भीतीही होती. परिणामी, १९८० नंतरच्या काही वर्षांपर्यंत नवजात बाळांवरच्या अनेक शस्त्रक्रिया पुरेशी वेदनाशामके न देता होत असत. स्नायू सैल करणारे औषध दिले जाई, त्यामुळे बाळ हलू शकत नसे. आणि न हलणारे बाळ शांत दिसते!

भारतात वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद या तरुण डॉक्टरांनी ‘हे कळले कसे?’ असा प्रश्न केला. शस्त्रक्रियेनंतर बाळांची प्रकृती इतकी का ढासळते, हे त्यांना समजून घ्यायचे होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गट केले. एका गटाला तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे औषधे दिली, दुसऱ्याला त्याखेरीज प्रभावी वेदनाशामकही दिले. मग दोन्ही गटांच्या रक्तातील ताण दाखवणारी संप्रेरके मोजली. वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण पुष्कळ कमी होता आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्रासही कमी होते. १९८७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या रुग्णालयांतली पद्धत बदलू लागली. जे बाळ सांगू शकत नव्हते, ते त्याच्या रक्ताने सांगितले; पण ते ऐकण्यासाठी कोणीतरी विचारायला हवे होते.

आपणही संकरितच!

शेवटी बाळ आणि संकर या दोन्ही विषयांना जोडणारे एक नवल. सायबेरियातील डेनिसोवा गुहेत सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलीच्या हाडाचा दोन-अडीच सेंटीमीटरचा तुकडा मिळाला. त्यातील डीएनए वाचल्यावर २०१८ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की तिची आई निअँडरथल मानव होती आणि बाप डेनिसोवन मानव. कळले कसे? पेशीतल्या तंतुकणिकांचा डीएनए फक्त आईकडून येतो. तो निअँडरथल निघाला. केंद्रकातला डीएनए जवळजवळ निम्मा निम्मा दोन्हीकडचा होता. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांतही, म्हणजे तुमच्याआमच्यातही, निअँडरथलांचा एक ते दोन टक्के डीएनए आहे. संकर म्हणजे काहीतरी विचित्र, दुसऱ्या कोणाचे तरी, असे समजणाऱ्यांनी आरशात पाहावे!

तेव्हा माझी सूचना साधी आहे. नवलाची वाक्ये छापणाऱ्यांनी प्रत्येक वाक्याखाली आणखी एक ओळ छापावी, ‘हे असे कळले’. छापणारे ती छापत नसतील, तर तुम्ही ती शोधा. एक वही करा. डाव्या पानावर नवल लिहा, उजव्या पानावर ते कसे कळले ते लिहा. शिक्षकांना विचारा, ग्रंथालयात पाहा. काही उजवी पाने कोरी राहतील. राहू द्या. एखाद्या कोऱ्या पानामागे खोटे वाक्य दडलेले असेल. एखाद्यावरचे उत्तर अजून कोणालाच सापडलेले नसेल, आणि ते पान भरण्याचे काम कदाचित तुमच्यातल्याच कोणाची तरी वाट पाहत असेल.