परदेशवारीचे अनुदान आणि आपला दवाखाना

केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाची आंतरराष्ट्रीय सहकार्य प्रोत्साहन योजना आपल्यापैकी बहुतेकांना ऐकून ठाऊक आहे; तिचा लाभ घेतलेला सभासद मात्र अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत शोधावा लागेल. तज्ज्ञांची देवाणघेवाण, परदेशांतील परिषदा व प्रदर्शनांतील सहभाग, तेथील औषध-नियंत्रकांकडे उत्पादनांची नोंदणी, ग्रंथांची भाषांतरे, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, असा या योजनेचा विस्तार आहे. हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. प्रश्न असा, की या देवाणघेवाणीत आपल्यासारख्या दवाखाना चालविणाऱ्या वैद्याचे स्थान कोणते?

मध्यंतरी आमच्या एका तरुण सभासद वैद्यांचा शोधनिबंध परदेशातील परिषदेत स्वीकारला गेला. प्रवासखर्चासाठी त्यांनी अनुदान देणाऱ्या एका संस्थेकडे विचारणा केली. उत्तर आले, की तिकीट, व्हिसा, शुल्क हा सर्व खर्च आधी स्वतः करावा, परत आल्यावर कागदपत्रे सादर करावीत, नंतर प्रतिपूर्तीचा विचार होईल. दवाखाना आठवडाभर बंद ठेवावा लागणार, ते निराळेच. त्या गेल्या नाहीत.

लहान औषधनिर्मात्यांची अडचण याहून खोल आहे. पनवेलला श्री धूतपापेश्वरचा कारखाना १८७२ साली उभा राहिला. याच जिल्ह्यातील न्हावाशेवा बंदरातून १९८९ पासून जगभर माल जातो. तरी किनाऱ्यावरील छोट्या फार्मसीचा खोका त्या बंदरापर्यंत क्वचितच पोहोचतो. पारंपरिक वनौषधींविषयीचा युरोपीय संघाचा २००४ चा निर्देश ३० एप्रिल २०११ पासून पूर्णपणे अमलात आला. औषध तीस वर्षे वापरात असल्याचा, आणि त्यांपैकी किमान पंधरा वर्षे युरोपीय संघातच वापर झाल्याचा पुरावा त्यात मागितला आहे. आपला पुरावा संहितांत आहे, तेथील विक्रीच्या दप्तरात नाही. नोंदणीखर्चाचा काही भाग अनुदानातून सुटेलही. पंधरा वर्षांचे दप्तर कोठून आणावे?

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अहवाल प्रसिद्ध झाला. १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. आपल्याकडे काहींनी हे कारस्थान ठरविले, तर काहींनी शोधन-मारणाचा दाखला दिला. पहिले म्हणणे चूक होते आणि दुसरे अपुरे. शोधन-मारण विधिपूर्वक झाले की नाही, हे पाकिटावरून कळावे कसे? शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या निखळ वनस्पतिज औषधांना जड धातूंची चाचणी सक्तीची केली, हे योग्यच झाले. परंतु भस्म सिद्ध करणारा वैद्य आणि विषशास्त्राचा अभ्यासक एका भट्टीपाशी बसून बोलले, असे फारसे घडले नाही. देवाणघेवाण हवी ती तेथे.

अशा देवाणघेवाणीचा एक दाखला साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध करविला; त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले. त्या कामात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणीभाषक वैद्य होते, आणि त्यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील साक्षपत्र ग्रंथातच छापलेले आहे. डचांचा हेतू व्यापाराचा होता, हे मान्य. तरीही परका अभ्यासक येथे आला, वनस्पती समोर ठेवून त्याने वैद्याला विचारले, आणि ग्रंथात त्या वैद्याचे नाव राहिले. आजच्या शिष्टमंडळांच्या अहवालांत दवाखान्यातील वैद्याचे नाव किती वेळा येते?

संघटनेने अनुदानासाठी प्रस्ताव करावा काय, हा विषय वार्षिक सभेपुढे आहे. आमच्या मते तो अवश्य करावा. मात्र आणखी एका शिष्टमंडळाच्या विमानभाड्यासाठी नव्हे. एखाद्या परदेशी चिकित्सकाला वा औषधशास्त्रज्ञाला वर्षा ऋतूत, बस्तीचा काळ असताना, दोन महिने आपल्याकडे बोलवावे. संधिवाताचा रुग्ण पहिल्या दिवशी कसा आला आणि योगबस्तीचा आठ दिवसांचा क्रम पूर्ण करून कसा गेला, हे त्याने स्वतः तपासावे. गुण आला नाही तर तेही लिहावे. आपल्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर प्रतिपूर्ती मिळेपर्यंतची रक्कम संघटनेने आपल्या निधीतून उसनी द्यावी.

येथे आमचे आम्हालाच ओशाळे वाटते. पाहुणा आलाच, तर त्याच्यापुढे ठेवायला आपल्याजवळ काय आहे? बहुसंख्य दवाखान्यांत रुग्णाची चिठ्ठी रुग्णाबरोबरच घरी जाते. किनाऱ्यावरच्या उंडीचे तेल सांधेदुखीवर लावले जाते. कोणाला, किती दिवस, कितपत गुण, याची वही आम्ही स्वतःही ठेवलेली नाही.

ज्या वैद्यांकडे सलग तीन वर्षांची रुग्णपत्रके आहेत आणि ज्या फार्मसीमालकांकडे कच्च्या द्रव्यापासून तयार औषधापर्यंतच्या बॅचनिहाय नोंदी आहेत, त्यांनी सभेपूर्वी कार्यवाहांना कळवावे. अशी दहा नावे मिळाली तरी प्रस्ताव लिहिता येईल. न मिळाल्यास यंदा अर्ज करू नये, असे आमचे मत आहे.