काळवंडलेला ब्लॉट

दोन दिवस खपून केलेला वेस्टर्न ब्लॉट समोर येतो आणि नेमक्या पट्टीऐवजी सगळे मेम्ब्रेनच काळवंडलेले दिसते. प्रयोगशाळेतला पहिला सल्ला ठरलेला असतो: ब्लॉकिंग वाढव. तो चुकीचा नाही. मेम्ब्रेनला कोणतेही प्रथिन चिकटते. मोकळी जागा आधी भरली नाही तर अँटिबॉडी तिथेच जाऊन बसते. १९७९ मध्ये टॉबिन आणि सहकाऱ्यांनी ही जागा बोव्हाइन अल्ब्युमिनने भरली. १९८४ मध्ये स्निग्धांश काढलेल्या दूध पावडरीचा स्वस्त उपाय प्रसिद्ध झाला आणि तो घरोघरी गेला. पण दुधातल्या केसिनवर फॉस्फेट असते, त्यामुळे फॉस्फोप्रथिन शोधताना दूधच पार्श्वभूमी वाढवू शकते. दुधात बायोटिनही असते, म्हणून स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरणाऱ्यांनी ते टाळावे. अल्ब्युमिन मात्र महाग, आणि काही अँटिबॉडींना तेही मानवत नाही.

मला वाटते, दूध की अल्ब्युमिन या वादात शिरण्याआधी अँटिबॉडीचे प्रमाण तपासावे. आजची केमिल्युमिनेसन्स रसायने इतकी संवेदनशील आहेत की १:१००० ने घातलेली दुय्यम अँटिबॉडी बहुधा फार होते. १:१०,००० किंवा त्याहूनही पातळ पुरते. त्याच मेम्ब्रेनची एक पट्टी कापून तिला प्राथमिक अँटिबॉडी न देता फक्त दुय्यम द्यावी. ती काळी पडली तर दोष कुठे आहे ते तिथेच कळते. नमुना मोलाचा असला की ही पट्टी वाया गेल्यासारखी वाटते, आणि ती हळहळ मला समजते. तरीही आठवडाभर अंदाजाने एकेक गोष्ट बदलत बसण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

धुण्याबाबत मात्र माझे मत इतके ठाम नाही. ०.१ टक्का ट्वीन घातलेल्या बफरने दहा-दहा मिनिटे तीनदा धुणे रास्त आहे. पुढे धूत राहिले की पार्श्वभूमी उतरते, पण सैल बांधलेली अँटिबॉडीही सुटते आणि कमी प्रमाणातल्या प्रथिनाची फिकट पट्टी पुसली जाते. ती पट्टी हाच प्रयोगाचा प्रश्न असेल, तर थोडा करडा ब्लॉट मी पत्करेन.

संगणकावर कॉन्ट्रास्ट चढवून तो करडेपणा घालवणे सोपे असते, आणि नियतकालिकाला स्वच्छ आकृती हवी ही मार्गदर्शकांची अडचणही खरी आहे. पण त्या सफाईत फिकट पट्ट्याही जातात. संपूर्ण, न कापलेला ब्लॉट पूरक माहितीत जोडावा आणि आकृती थोडी मळकट राहू द्यावी.