दुपारची बैठक : सुलभाचं काय चुकलं?

मैत्रिणींनो,

मागच्या खेपेला लोणच्याच्या बरणीला बुरशी का धरते, यावर बोलणं झालं होतं. त्यावर आलेल्या पत्रांची उत्तरं पुढच्या बैठकीत नक्की देते. आज मात्र लोणचं बाजूला ठेवू या. आज मला तुम्हाला आमच्या भिशीत झालेलं एक भांडण सांगायचं आहे. भांडण सिनेमावरून झालं. निदान सुरुवात तरी सिनेमावरूनच झाली.

आमची भिशी कोराडीची. १९७४ साली इथल्या वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि कुठून कुठून माणसं या गावात आली. कुणी अकोल्याची, कुणी भंडाऱ्याची, कुणी थेट कोकणातली. मी १९८० साली लग्न होऊन आले. नवरे शिफ्टवर, मुलं शाळेत आणि आम्ही बायका वसाहतीच्या गॅलरीत, अशी ओळखी वाढत गेल्या. आता सगळ्यांचे नवरे निवृत्त झाले. कुणी गावी परतल्या, कुणी इथेच कोराडीत नाही तर शेजारी महादुल्याला घर बांधून राहिल्या. अशा उरलेल्या आम्ही चौदाजणी. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी जमतो.

या वेळी भिशी माझ्याकडे होती. गुडघे, सुना आणि सोन्याचे भाव हे तीन विषय सोडून बोलायचं, असं मी आधीच बजावलं होतं. प्रत्येकीने एक जुना आणि एक नवा सिनेमा सांगायचा. आवडला तर का, नाही आवडला तर का, तेही सांगायचं. नुसतं ‘मस्त होता’ चालणार नाही.

खायला सांभारवडी केली होती. (मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींसाठी सांगते, आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. ती धुतल्यावर कापडावर पसरून अगदी कोरडी करून घ्या, नाहीतर सारणाला पाणी सुटतं आणि वडी तेलात फुटते. वळण्याआधी पारीला आतून चिंच-मसाल्याचं बोट लावायला विसरू नका.)

पहिला मान आमच्या काकूंचा. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी ‘कुंकू’ सांगितला. प्रभातचा, १९३७ सालचा, म्हणजे काकूंच्याही जन्माआधीचा. त्यांनी तो पुढे कधीतरी वसाहतीतच पाहिला, गणपतीत मैदानावर पडदा लावून दाखवायचे तेव्हा. आठवतंय का, पडद्याच्या मागच्या बाजूलाही लोक बसायचे आणि त्यांना सगळी पात्रं डावखुरी दिसायची! ‘कुंकू’तली नीरा म्हाताऱ्याशी फसवून लावून दिलेलं लग्न मानतच नाही. शांता आपट्यांनी ती काय उभी केली आहे! त्यात त्या चक्क एक इंग्रजी कविताही गातात. काकू म्हणाल्या, “माझ्या आईचं लग्न असंच झालं होतं. सिनेमा संपल्यावर मी तिच्याकडे पाहिलं नाही.” पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

मग ‘श्यामची आई’ निघाला. अत्र्यांचा, १९५३ सालचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. वनमालाबाईंच्या नुसत्या नावानेच दोघींच्या डोळ्यांना पदर लागला. एक वहिनी मात्र म्हणाल्या की त्यांनी तो नातवाला दाखवला, तर नातू विचारतो, “आजी, यांच्याकडे पैसे नाहीत तर ही आई नोकरी का करत नाही?” यावर बराच वेळ हसणं झालं.

‘माहेरची साडी’ची गोष्ट निराळी. १९९१ साली तो पाहायला आपल्यातल्या किती जणी रुमाल घेऊन गेल्या होत्या, ते आठवा. आमच्यातल्या अर्ध्या जणींना आता तो नको वाटतो. सगळं मुकाट सोसणारी सून पाहून चीड येते म्हणतात. उरलेल्या अर्ध्या म्हणाल्या, चिडा खुशाल, पण त्या दिवशी रडून घेतलं म्हणून हलकं वाटलं होतं, घरी रडायला जागा कुठे होती? उषा नाडकर्णींच्या सासूला शिव्या देण्यात मात्र एकमत. मला विचाराल तर सिनेमा म्हणून तो फारसा चांगला नाही. पण टॉकीजच्या अंधारात परक्या बायकांबरोबर रडता येणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

नव्यांमध्ये ‘सैराट’, ‘नाळ’, ‘झुंड’, ‘बाईपण भारी देवा’ अशी नावं आली. ‘झुंड’चं कौतुक साहजिकच. आपल्या नागपूरच्या विजय बारसे सरांवर बेतलेला आणि त्यात प्रत्यक्ष अमिताभ! हिस्लॉप कॉलेजातले हे क्रीडाशिक्षक झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलला लावतात, ती गोष्ट. ‘नाळ’वर मात्र माझाही जीव आहे. २०१७ सालच्या या सिनेमात आपल्याकडची बोली पडद्यावर आली, आणि ती हसवण्यासाठी नाही. एरवी वऱ्हाडी बोलणारा दिसला की तो नोकर नाहीतर विनोदी पात्र. इथे आईच तसं बोलते, पोरगंही तसंच बोलतं. आपण दत्तक आहोत हे कळल्यावर ते चिमुकलं पोर आईला तपासून पाहतं, तिच्या प्रत्येक वागण्याचा नवा अर्थ लावतं. देविका दफ्तरदारची ती आई मला आपल्याच ओसरीवर बसलेली वाटते.

‘बाईपण भारी देवा’ २०२३ साली आला तेव्हा आम्ही बाराजणी नऊवारी नेसून, गॉगल लावून नागपूरला गेलो होतो. सहा बहिणी, त्यांचे जुने रुसवे, मंगळागौरीची स्पर्धा. एक वहिनी म्हणाल्या, “छान आहे, पण शेवटी सगळं गोड होतं. आपल्या बहिणी अशा कुठे एकत्र येतात?” त्यांचा वाड्याच्या हिश्श्यावरून बहिणीशी अबोला आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्याजणी सांभारवडी खाऊ लागल्या.

आणि मग माझी पाळी आली. मी म्हटलं, “उंबरठा.”

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८२ सालचा, जब्बार पटेलांचा. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. हृदयनाथांचं संगीत. गाणी सुरेश भट आणि वसंत बापट यांची. भटांचा जन्म अमरावतीचा, अखेर नागपुरात, आणि रेशीमबागेतल्या सभागृहाला आज त्यांचंच नाव आहे. सुलभा महाजन ही वकिलाची बायको. घर मोठं, सासू कर्तबगार, पदरी लहान मुलगी. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली सुलभा दूरच्या एका महिलाश्रमात अधीक्षकेची नोकरी धरते. मुलीला जावेकडे ठेवून जाते. तिथल्या भानगडींशी भांडून, थकून परत येते, तर घरात तिची जागाच उरलेली नसते. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा उंबरठा ओलांडते. स्मिता पाटीलचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा आम्ही पाचसहा जणी बसने बर्डीला उतरून हा सिनेमा पाहून आलो होतो. माझी मुलगी दीड वर्षाची. तिला सासूबाईंकडे ठेवलं होतं. परतताना बसमध्ये नुसता कल्लोळ. सगळ्यांत मोठा आवाज माझा! “पोटच्या पोरीला टाकून जाते, ती कसली समाजसेवा?” घरी आल्यावर पोळ्या लाटता लाटता सासूबाईंना सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, “मग त्या पोरीचं जेवणखाण कोण पाहत होतं?” मला हसू आलं. म्हटलं, एवढा मोठा सिनेमा आणि यांना काय पडलंय!

भिशीत मी तेच जुनं मत मांडलं. आवाज थोडा खाली आणून, पण तेच. लगेच दोन तट पडले. “सुलभाने जायलाच पाहिजे होतं.” “पाच वर्षं थांबली असती तर काय बिघडलं असतं?” “पुरुष परगावी नोकरीला जातात तेव्हा कोणी असं विचारतं का?” “पुरुषाची गोष्ट वेगळी.” “काहून वेगळी व?” चहा गार झाला.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, “माय व, त्या जावेचं नाव कोणी घेऊनच नाही राहिलं! स्वतःले लेकरू नाही अन् दुसरीचं लेकरू पोटाशी धरून बसली ते. ते होती म्हणून तुमची सुलभा जाऊ तरी शकली.”

खरंच की. बेचाळीसहून जास्त वर्षं मी सुलभावर भांडते आहे. ती जाऊ मी कधी लक्षात घेतली नव्हती.

आणि मग सूनबाई बोलली. ती चहाचे कप गोळा करायला आली होती. माझी सून बँकेत अधिकारी आहे. नुकतीच बढती आली आणि बढतीबरोबर नाशिकला बदली. निदान तीन वर्षं. नातू पहिलीत आहे. होय की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. घरात पंधरा दिवस या विषयावर कोणी अक्षर काढलं नव्हतं. चिरंजीव मोबाइलमध्ये, आमचे हे पेपरमध्ये, मी देवघरात. सुलभावर भांडताना मी कुणाला ऐकवत होते, ते मैत्रिणींनो, तुमच्या आता लक्षात आलंच असेल. माझ्या मात्र त्या क्षणी आलं.

ती म्हणाली, “मी परवाच बघितला तो सिनेमा. मला एकच कळलं नाही. नवऱ्याला कोणी विचारतच नाही, की तू मुलीचं काय काय करशील म्हणून. सगळे सुलभालाच विचारतात.” इतकं बोलून ट्रे घेऊन आत गेली. नंतर चिठ्ठी काढली, भिशी कुणाला लागली तेही मला धड आठवत नाही.

रात्री मी दागिन्यांच्या डब्याच्या तळातून एक कागद काढला. १९८१ सालचा, शिक्षिकेच्या नोकरीचा. गाव कोराडीपासून दूर, रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नव्हतं. मुलगी तान्ही म्हणून मी नकार कळवला होता. या सदरात इतकी वर्षं तुम्हाला सल्ले देते, पण हे कधी लिहिलं नाही. पुढच्या वर्षी बसमध्ये मी एवढी का ओरडत होते, ते आता सांगायला हवंच. सुलभा बरोबर ठरली असती, तर मग मी काय ठरले असते?

कागद सूनबाईला दाखवला. तिने नीट वाचला, घडी घालून परत दिला. सकाळी डबा भरताना सहज विचारावं तसं म्हणाली, “आई, तेव्हा आजी बाळाला सांभाळायला तयार नव्हत्या का?”

मी म्हटलं, “मी विचारलंच नव्हतं गं.”

सासूबाईंना जाऊन आता वीस वर्षं होतील. पोळपाटाशी त्यांनी विचारलेला तो प्रश्न मला त्या दिवशी पुन्हा ऐकू आला. त्यात काय होतं, हे आता विचारणार कोणाला?

सूनबाईने गुरुवारीच होकार कळवला. मला फार आनंद झाला आहे असं नाही, खोटं कशाला बोलू? शाळेची व्हॅन सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी येते आणि माझे गुडघे साडेसातच्या आधी वाकत नाहीत. म्हणून डबा चिरंजीवांनी करायचा, असं ठरलं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी पोहे अर्धा तास भिजवून ठेवले. त्याचे आम्ही थालीपीठ लावले. दुसऱ्या दिवशी जमले, पण मीठ राहिलं. नातवाने तक्रार न करता डबा संपवून आणला, त्यामुळे बापाला उगीचच चढल्यासारखं झालं आहे. सूनबाई दर पंधरा दिवसांनी रेल्वेने यायचं म्हणते. किती जमतं ते पाहू.

पुढच्या भिशीला सगळ्यांनी मिळून ‘एकटी’ बघायचा बेत आहे. १९६८ सालचा, राजा ठाकूरांचा, सुलोचनाबाईंचा. काकूंनी आधीच सांगून ठेवलं आहे की मुलासाठी आईने एवढं झिजावं की नाही, यावर त्यांचं मत आम्हाला आवडणार नाही. तुम्हीही एक जुना आणि एक नवा सिनेमा कळवा, आणि कारण लिहायला विसरू नका. लोणच्याच्या पत्रांना उत्तरं पुढच्या वेळी. तोवर बरणीत ओला चमचा घालू नका.