लोकसंख्येचा नकाशा कसा वाचावा?

डोंगर-नद्यांचा नकाशा विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असतो. माणसांच्या संख्येचाही नकाशा असतो, इकडे मात्र आपलें लक्ष फारसें जात नाहीं. वस्ती जितकी दाट तितका रंग गडद, हा त्याचा सामान्य नियम. परंतु हा रंग खरा असूनही अपुरा असूं शकतो, असें आमचें म्हणणें आहे.

आपल्या रायगड जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या. 2011 च्या खानेसुमारींत जिल्ह्याची लोकसंख्या 26,34,200 भरली. दर चौरस किलोमीटरास सरासरी 368 माणसें. साऱ्या महाराष्ट्राची सरासरी 365. अर्थात् राज्याच्या नकाशावर रायगडास मध्यम रंग मिळतो. आतां जिल्ह्याचे पंधरा तालुके निरनिराळे रंगवून पाहा. एकट्या पनवेल तालुक्यांत सुमारें साडेसात लाख माणसें, तर पोलादपुरांत अर्धा लाखही नाहींत! पनवेल तालुक्यांतही खारघरच्या गगनचुंबी इमारती आणि डोंगरांतील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या एकाच रंगाखालीं झांकल्या जातात. शाळा, दवाखाना व पाणी यांची योजना करतांना अशा सरासरीवर विसंबलें, तर गर्दीच्या ठिकाणीं सोय अपुरी पडते आणि दूरच्या वाडीची गरज कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. म्हणून नकाशाचे विभाग होतील तितके लहान असावेत.

नकाशा जुनाही होतो. विमानतळासाठीं चिंचपाडा, कोल्ही, कोपर इत्यादि गांवांतील कुटुंबांस जुनी जागा सोडावी लागली. 8 ऑक्टोबर 2025 रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटनही झालें. 2011 चा नकाशा मात्र त्या माणसांस अद्याप जुन्याच घरीं दाखवितो. 2021 सालीं व्हावयाची गणना लांबणीवर पडली. पुढील गणनेसाठीं 1 मार्च 2027 ही संदर्भतिथि ठरविण्यांत आली आहे.

म्हणून पालकांस आमची विनंती कीं, गणना करणारा दारीं येईल तेव्हां घरांतील प्रत्येक माणसाची नोंद बिनचूक करवून घ्यावी. भाडेकरू, गडी, तान्हें मूल, कोणीही सुटूं नये. विद्यार्थ्यांनीं तालुक्याचा कोरा नकाशा घेऊन दर हजार माणसांस एक ठिपका, याप्रमाणें गांवोगांवचे आंकडे मांडून पाहावेत. सुमारें साडेसातशें ठिपके पडतील. लहान वाड्यांत हजार माणसेंही नसतात. तेव्हां शेजारच्या वाड्या एकत्र करून तरी त्यांचा ठिपका द्यावा, त्यांस वगळूं नये. एवढें पथ्य पाळलें तरच नकाशा खरा होईल.